स्वभाव की अवस्था? : प्रौढांच्या मनःपरीक्षेचा इतिहास

चारचौघांहून निराळे वागणाऱ्या माणसासाठी मराठी भाषेने शब्दांची मोठीच बेगमी करून ठेविली आहे. घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, चक्रम, हूड, वेंधळा, धांदरट, अर्धवट असे कितीतरी शब्द सहज आठवतात, आणि त्यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. घुमा बोलत नाही. एककल्ली बोलतो, परंतु एकाच विषयावर. धांदरटाच्या हातून वस्तू पडते, वेंधळ्याच्या हातून ती हरवते. एका घरात, एका वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेल्या लोकांनी एकमेकांचे जे बारीक निरीक्षण केले, त्याची ही नोंदवहीच होय. परंतु या नोंदवहीत एक मोठी उणीव आहे. तिच्यात निकाल तेवढे लिहिलेले आहेत, चौकशी कोठेच लिहिलेली नाही. सातव्या वर्षी ज्याच्या कपाळी ‘वेंधळा’ हा शब्द लागला, तो सत्तराव्या वर्षीही त्याच नावाने ओळखला जातो. आणि तो तसा का आहे, हे त्याला स्वतःला कळलेले असतेच असे नाही.

गेल्या काही दशकांत या निकालांविरुद्ध फेरचौकशी मागणारी माणसे पुढे येऊ लागली आहेत. वय पस्तीस, चाळीस किंवा पन्नास. नोकरी आहे, संसार आहे, मुलेबाळे आहेत. आणि तरीही असा गृहस्थ किंवा अशी गृहिणी मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून विचारते की, जन्मभर ज्याला स्वभाव म्हटले गेले ती एखादी उपजत अवस्था तर नव्हे? ज्या दोन अवस्थांविषयी हा प्रश्न मुख्यतः विचारला जातो, त्यांपैकी एकीला ऑटिझम अथवा स्वमग्नता म्हणतात, आणि दुसरीला अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच संक्षेपाने एडीएचडी. दोन्ही अवस्था दीर्घकाळ केवळ बालकांच्या मानल्या जात होत्या. त्या प्रौढांच्या दारी कशा आल्या, आणि गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत त्यांची परीक्षा कितपत पोहोचली, याचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण त्या इतिहासात माणसाला मापण्याचे हेतू कसकसे पालटत गेले हे दिसून येते.

मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभीच्या काळात या प्रश्नाचे एक विलक्षण प्रतिबिंब सापडते. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे राहत. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केल्या. कोणाच्याही घरात शिरून खावे, पोरांबरोबर खेळावे, मनास येईल तेव्हा हसावे आणि मनास येईल तेव्हा रागवावे, असे त्यांचे वर्तन तेथे वर्णिले आहे. गावकरी त्यांना वेडे म्हणत, आणि तेच गावकरी अडचणीच्या वेळी त्यांना माय आणि बापही म्हणत. महानुभाव पंथीयांच्या दृष्टीने ते साक्षात् परब्रह्माचे अवतार होत. सातशे वर्षांपूर्वीच्या या पुरुषाला आजच्या रोगनिदानाचे एखादे नाव चिकटविणे हे भाविकांच्या दृष्टीने अनुचित आहेच, शास्त्राच्या दृष्टीनेही निरर्थक आहे. कारण अशी परीक्षा समोर बसलेल्या जिवंत माणसाचीच होऊ शकते. परंतु एक गोष्ट या ग्रंथावरून स्पष्ट होते. जगाच्या रीतीप्रमाणे न वागणाऱ्या माणसाला सामावून घेण्याची एक जागा त्या समाजात होती. तथापि ती जागा फारच थोड्यांना लाभे. एखाद्याच्या वाट्यास पूजा येई, आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या अनेकांच्या वाट्यास पोरांचे दगड किंवा घरच्या खांबाची साखळी येई. कोणाचे नशीब कोणत्या बाजूस झुकावे याला काही नियम नव्हता.

इंग्रजी राज्यात नियम आला, परंतु तो निराळ्याच हेतूने आला. १८५८ मध्ये वेड्यांसंबंधी कायदे झाले आणि १९१२ मध्ये त्यांना एकत्रित रूप मिळाले. या १९१२ च्या कायद्यातील व्याख्या मोठी बोलकी आहे. जन्मतः मंदबुद्धी असलेला किंवा ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा माणूस म्हणजे वेडा, एवढ्यावर ती आटोपते. नागपूर येथे १८६४ मध्ये, रत्नागिरी येथे १८८६ मध्ये, ठाणे येथे १९०१ मध्ये आणि येरवडा येथे १९१५ मध्ये मनोरुग्णालये उभी राहिली. तेथे जी परीक्षा होई तिच्यापुढे प्रश्न एकच असे : या माणसाला कोंडावे की मोकळे सोडावे? जो कोणास इजा करीत नाही, शेतात राबतो, परंतु बाजारच्या दिवशी गर्दी दिसली की कासावीस होऊन परत फिरतो, अशा माणसाची त्या दप्तरात नोंद होण्याचे कारणच नव्हते. शिवाय ही चारही गावे इंग्रजी अमलाखालील मुलखातील. गंगापूर आणि सारा औरंगाबाद जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथील कारभार निराळा होता.

मापण्याचा दुसरा हेतू शाळेतून आला. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली कसोटी सिद्ध केली. कोणत्या मुलांना नेहमीच्या वर्गात शिकणे जड जाते हे ओळखून त्यांची निराळी सोय करावी, एवढाच बिनेचा मूळ उद्देश होता. ही कसोटी महाराष्ट्राच्या परिचयाची झाली ती मुख्यतः वि. वि. कामत यांच्या परिश्रमाने. त्यांनी धारवाड येथे कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे नवे रूप तयार केले, आणि १९४० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कसोटीचे नुसते भाषांतर करून चालत नाही, हे या कामाचे मर्म होय. परक्या देशातील मुलाला जे नाणे, जे फळ किंवा जी म्हण ठाऊक असते ती येथील मुलाला ठाऊक नसते. आणि न ओळखीची वस्तू न ओळखल्याबद्दल मुलाला मंद ठरविणे हा मापाचा दोष असतो, मुलाचा नव्हे. मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या वतीने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्रही सुरू झाले होते. त्याच सुमारास गंगापूरच्या मराठी मुलाची अवस्था काय होती? संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी परभाषेतून उत्तरे द्यावी लागत, आणि तो अडखळला तर ते अडखळणे भाषेचे की बुद्धीचे हे कोण ठरविणार? आपल्या भाषेत न झालेली परीक्षा माणसाला हिणकस ठरविते, हा मराठवाड्याचा अनुभव फार जुना आहे. प्रौढांच्या आजच्या परीक्षेतही तो पुन्हा आडवा येतो.

आता पाश्चात्त्य देशांत या दोन अवस्थांची ओळख कशी पटत गेली ते पाहू. अवधानाचा दोष हा स्वतंत्रपणे विचार करण्याजोगा विषय आहे, हे स्कॉटलंडचा वैद्य अलेक्झांडर क्राइटन याने १७९८ मधील आपल्या ग्रंथात मांडिले. एका वस्तूवर चित्त ठरत नाही, कुत्र्याचे भुंकणे किंवा टेबल सरकविणे एवढ्यानेही ते विचलित होते, असे त्याने टिपून ठेविले. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी व्याख्याने देऊन, बुद्धीने चांगली परंतु स्वतःला आवरू न शकणारी अशी मुले वर्णिली. मात्र त्यास त्यांनी नैतिक संयमाची उणीव असे नाव दिले. ‘उनाड’ आणि ‘बेशिस्त’ या आपल्याकडील शब्दांत जो आरोप असतो, तोच आरोप या शास्त्रीय नावातही होता. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांना असे दिसून आले की, उत्तेजक समजले जाणारे एक औषध दिल्यावर अशी कित्येक मुले अधिक चंचल न होता उलट शांतपणे अभ्यासास बसतात. बाझेलच्या सीबा कंपनीतील रसायनज्ञ लेआंद्रो पानिझोन यांनी १९४४ मध्ये मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार केले, आणि १९५४ पासून ते रिटालिन या नावाने विकले जाऊ लागले. तेव्हापासून उनाडपणाचा प्रश्न हळूहळू नीतीच्या कक्षेतून वैद्यकाच्या कक्षेत आला.

ऑटिझम हा शब्द स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी सुमारे १९११ मध्ये घडविला, परंतु निराळ्या आजाराच्या एका लक्षणासाठी. आज ज्या अवस्थेला ते नाव आहे तिचे वर्णन मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या वैद्यबाईंनी १९२५ च्या सुमारास सहा मुलांच्या निरीक्षणावरून केले होते. पण त्यांचे काम कित्येक दशके दुर्लक्षित राहिले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांविषयी निबंध लिहिला, आणि पुढल्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स आस्परगर यांनी चार मुलांविषयी लिहिले. आस्परगर यांचे नाव पुढे या अवस्थेच्या एका प्रकाराला देण्यात आले. परंतु त्यांनी काही अपंग बालकांना नाझी राजवटीच्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेकडे पाठविले, आणि त्या संस्थेत शेकडो बालकांचा जीव घेण्यात आला, हे २०१८ मध्ये हेर्विग चेख या इतिहासकाराने कागदपत्रांवरून दाखवून दिले. कोणते मूल उपयोगी आणि कोणते निरुपयोगी हे ठरविण्यासाठी माप हाती घेतले की ते कोठवर जाऊ शकते, याचा हा भयंकर दाखला आहे.

याच्या जोडीला दुसरा एक अन्याय घडला, आणि त्याचे स्वरूप आपल्या घरांनाही अपरिचित नाही. मूल बोलत नाही, जवळ येत नाही, याचे कारण आईची माया उणी पडली, असे मत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास प्रबळ झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने ते घरोघरी नेले. बर्नर्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ मध्येच त्याविरुद्ध युक्तिवाद मांडला होता. पुढे सुसन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध करून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखविले, तेव्हा कोठे मातांच्या डोक्यावरचे ते ओझे उतरू लागले.

एवढा सर्व इतिहास बालकांचाच झाला. परंतु बालके मोठी होतात, ही साधी गोष्ट शास्त्राच्या ध्यानी यावयास बराच काळ लागला. कॅनर यांच्या अकरा बालकांतील पहिला डॉनल्ड ट्रिप्लेट हा मिसिसिपी प्रांतातील फॉरेस्ट गावचा. त्याला बालपणी काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे ठेविले होते. तो सतत काहीतरी मोजत असे. त्या दांपत्याने मोजण्यास मनाई केली नाही. नांगर धरून मक्याच्या ओळी मोजावयास लाविले, विहीर खणावयास सांगून तिची खोली मोजून आणण्याचे काम दिले. हा मुलगा पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने नोकरी केली, एकट्याने जगप्रवास केला, आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो निवर्तला. कॅनर यांनी १९७१ मध्ये या अकरा जणांची पुन्हा हकीकत मिळविली, तेव्हा असे दिसले की, जी मुले मोठमोठ्या रुग्णालयांत टाकली गेली त्यांचा विकास तेथेच खुंटला होता. अवस्था जवळपास सारखी, आणि आयुष्ये मात्र इतकी भिन्न. हा फरक भोवतालच्या माणसांनी पाडला होता.

प्रौढांचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो इंग्लंडच्या लोर्ना विंग यांनी. स्वमग्न मुलीची आई असलेल्या या मनोवैद्य बाईंनी १९८१ मध्ये ३४ जणांविषयी निबंध लिहिला. त्यांत पाच वर्षांच्या मुलापासून पस्तीस वर्षांच्या प्रौढापर्यंत माणसे होती. बोलणारी, शिकलेली, काही नोकरी करणारी, तरीही माणसांच्या व्यवहारातील न बोलता समजावयाचे संकेत ज्यांना उमगत नाहीत अशी ही माणसे होती. चंचलतेच्या बाबतीतही तसेच झाले. अमेरिकन मनोवैद्यक संघाच्या १९६८ च्या वर्गीकरण-ग्रंथात ही अवस्था बालपणाचीच मानून ती किशोरवयात बहुधा ओसरते असे म्हटले होते. यूटा विद्यापीठात पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९८० च्या ग्रंथात मोठेपणी शिल्लक राहणाऱ्या प्रकाराला जागा मिळाली. तरीही एक अडसर उरलाच होता. एकाच माणसाला या दोन्ही अवस्था आहेत असे निदान लिहिण्यास १९९४ च्या ग्रंथाने मनाई केली होती. २०१३ मध्ये ती मनाई उठली, आस्परगरचे निराळे नाव स्वमग्नतेच्या एकाच विस्तृत पटात विलीन झाले, आणि चंचलतेचे निकष प्रौढांसाठी काहीसे शिथिल केले गेले. आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या शाळेच्या काळात हे ज्ञान त्याच्या डॉक्टरलाही उपलब्ध नव्हते. एवढ्या उशिरा चौकशी का, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

प्रत्यक्ष परीक्षा कशी होते? रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून या अवस्था ओळखता येत नाहीत. परीक्षेचे मुख्य साधन म्हणजे माणसाची कहाणी. दोन्ही अवस्था बालपणापासून असाव्या लागतात. चंचलतेची काही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असली पाहिजेत, आणि ती घर व शाळा किंवा कचेरी अशा निदान दोन ठिकाणी आढळली पाहिजेत. म्हणून तज्ज्ञ आईला, थोरल्या भावंडांना, पत्नीला किंवा पतीला बोलावितो. जुनी प्रगतिपुस्तके मागवितो. प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. केंब्रिज येथे २००१ मध्ये तयार झालेली स्वमग्नतेची प्रश्नावली पन्नास प्रश्नांची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांच्या चंचलतेची प्रश्नावली अठरा प्रश्नांची. परंतु या प्रश्नावल्या म्हणजे केवळ चाळणी. निकाल त्यांवरून देता येत नाही. मन उदास असेल, चिंतेने ग्रासलेले असेल, झोप अपुरी असेल, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम बिघडले असेल, ऐकू कमी येत असेल, तरी लक्ष लागत नाही. ही कारणे एकामागून एक तपासून बाजूस सारावी लागतात. म्हणून चांगली परीक्षा एका बैठकीत आटोपत नाही.

गंगापूर तालुक्यातील एखाद्या प्रौढाचा विचार केला म्हणजे या प्रत्येक पायरीवर अडचण दिसू लागते. आई हयात नसेल तर बालपणाची साक्ष कोण देणार? जिल्हा परिषदेच्या शाळेतील पस्तीस वर्षांपूर्वीच्या प्रगतिपुस्तकावर गुण आणि हजेरी यांपलीकडे फारसे काही लिहिलेले नसते. विलायती प्रश्नावली विचारते की, समारंभापेक्षा ग्रंथालयात जाणे आवडते काय, नाटक बरे की वस्तुसंग्रहालय? ज्याने वस्तुसंग्रहालय पाहिलेच नाही त्याने काय उत्तर द्यावे? नजरेला नजर देत नाही हे स्वमग्नतेचे एक लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून बोलावे हेच ज्या घरात संस्कार म्हणून शिकविले, तेथील सुनेच्या खाली वळलेल्या नजरेचा अर्थ कसा लावावा? उलटपक्षी एकत्र कुटुंबात एखाद्याची उणीव झाकलीही जाते. पेरणीची वेळ थोरला भाऊ ठरवितो, हिशेब वडील ठेवितात, पाहुण्यांशी बोलणे वहिनी सांभाळते, आणि जो केवळ औत हाकतो त्याला काही अडचण आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. तोच माणूस कुटुंब विभक्त झाल्यावर याच तालुक्यातील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, पाळ्या बदलू लागल्या, यंत्रांचा अखंड आवाज आणि वरिष्ठांच्या तोंडी सूचना यांचा मारा सुरू झाला, की दोन महिन्यांत त्याचे पाय उखडतात. वाळूजला आलेला माणूस तोच असतो. त्याच्याभोवतीचा आधार तेवढा नाहीसा झालेला असतो. आधार सुटल्यावर दिसणारी अशी ही अवस्था असल्यामुळेच कित्येकांची चौकशी चाळिशीत सुरू होते. कित्येकांच्या बाबतीत निमित्त निराळे असते. मुलाची तपासणी चालू असते, डॉक्टर लक्षणे विचारीत असतात, आणि ऐकता ऐकता बापाच्या मनात येते की, हे तर आपलेच बालपण. स्त्रियांची गोष्ट याहून अवघड आहे. पहिली वर्णने बहुतांशी मुलग्यांची असल्यामुळे निकषही त्यांच्याच वागण्यावरून बेतले गेले, आणि लहानपणापासून दुसऱ्यांचे पाहून वागावयास शिकलेली मुलगी त्या जाळ्यातून निसटून गेली.

भारतीय परिस्थितीसाठी स्वतःचे माप असावे म्हणून सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये स्वमग्नतेची भारतीय मापनश्रेणी सिद्ध केली. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीस एक ते पाच गुण दिले जातात. एकूण गुण ७० हून कमी असल्यास स्वमग्नता धरली जात नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र, असे तिचे टप्पे आहेत. बालकांच्या बाबतीत ती उपयुक्त ठरली, परंतु बोलक्या, शिकलेल्या आणि आपली अडचण झाकावयास शिकलेल्या प्रौढाला ती नेमके कितपत मापते, हा प्रश्न राहतोच.

कायद्याची पावले अशीच सावकाश पडली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर आरक्षणासारख्या सवलती मिळू शकतात. अतिचंचलतेचे नाव मात्र त्या एकवीसांत नाही. तिच्यावरील मिथाइलफेनिडेट हे औषध १९८५ च्या अंमली पदार्थांसंबंधीच्या कायद्याच्या नियंत्रणाखाली येते, म्हणून ते तालुक्याच्या प्रत्येक दुकानात सहज मिळेल अशी अपेक्षा करता येत नाही. गंगापूरच्या माणसाला जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला त्याच वर्षीचे. प्रवास फार लांबचा नाही. परंतु अनेक बैठकांसाठी अनेक दिवसांची मजुरी बुडवावी लागते, आणि ‘तिकडे कशाला गेला होता?’ या गावच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून पहिला सल्ला विनामूल्य मिळू शकतो, ही एक सोय झाली आहे.

या सर्व खटाटोपावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, विसराळूपणा कोणात नाही? एकांत कोणास आवडत नाही? उद्या सारे गावच रुग्ण ठरेल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. दूरध्वनीच्या पडद्यावर दोन मिनिटांची चित्रफीत पाहून स्वतःला एखादे नाव लावून घेणारे लोक आहेत, आणि तपासणीअंती त्यांतील काहींना निराळेच कारण सापडते. परंतु म्हणूनच काळजीपूर्वक परीक्षा हवी. किल्ली एकदा हरविणे आणि किल्ली, नोकरी व नाती ही तिन्ही जन्मभर हरवीत राहणे यांत जे अंतर आहे ते मोजण्यासाठीच तर ती असते. ‘नाही’ हे उत्तर मिळाले तरी अडचण खोटी ठरत नाही. ती कोठे शोधू नये एवढे कळते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चाळीस वर्षे गेली, आता नाव कळून काय उपयोग? उलट मुलीच्या लग्नात कोणी खोड काढील, कचेरीत कुजबूज होईल. ही भीती खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे, परंतु कायद्याचा हात गावच्या पारापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ज्याला चौकशी नको असेल त्याच्यावर ती लादण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र ज्याला ती हवी असते त्याला केवळ सवलत किंवा औषध हवे असते असे नाही. ‘आळशी’, ‘बेजबाबदार’, ‘माणूसघाणा’ हे शब्द त्याने स्वतःही खरे मानलेले असतात. आपण मनावर घेतले असते तर नीट वागलो असतो, अशी त्याची स्वतःविषयीची खात्री असते, आणि दर अपयशानंतर ती त्याला नव्याने जाळीत असते. निदानाने मागची वर्षे परत येत नाहीत. कित्येकांना तर प्रथम दुःखच होते. वेळीच कळते तर शिक्षण सुटले नसते, असे वाटते. परंतु त्या वर्षांचा अर्थ बदलतो, आणि पुढच्या वर्षांची आखणी करता येते. सूचना तोंडी न घेता लिहून घ्याव्यात, गजबजाटातून काही वेळ दूर बसू द्यावे, कामाचे लहान तुकडे पाडावेत, अशा साध्या गोष्टी घरच्यांना पटू लागतात. कारण आता त्यांना लाड न म्हणता गरज म्हणता येते.

स्वमग्नता हा शब्दही येथे थोडा तपासून पाहावा लागेल. त्यात माणूस स्वतःतच रमलेला, इतरांविषयी बेपर्वा आहे असा ध्वनी आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तो इतरांत मिसळण्यासाठी इतरांहून दुप्पट श्रम करीत असतो. नवा शब्दही जुन्या शब्दांप्रमाणे निकाल बनू शकतो. तसे होऊ नये यासाठी शब्दामागे चौकशी जिवंत राहिली पाहिजे.

माणसाच्या मनाचे माप प्रथम त्याला कोंडण्यासाठी घेतले गेले, मग त्याला वर्गात कोठे बसवावयाचे ते ठरविण्यासाठी, आणि एका अमानुष राजवटीत त्याने जगावे की नाही हे ठरविण्यासाठीही. या लांबलचक इतिहासात माप स्वतः मागावयास येणारा माणूस अगदी अलीकडचा आहे. गंगापूरहून सकाळची एस. टी. धरून, हाती जुनी प्रगतिपुस्तके आणि सोबतीला थोरली बहीण घेऊन, तो जेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी जातो, तेव्हा तेथे त्याच्याच भाषेत प्रश्न विचारणारा आणि उत्तर पुरते होईपर्यंत थांबणारा कोणी असावा, एवढेच त्याचे मागणे असते.